मॅनेजराव

पानं धरलेली ३०० आणि हॉलच्या दारातून साडेचारशेवा पाहुणा आत येतोय. वधूपित्याच्या तोंडचं पाणी पळालेलं. अशा वेळी मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठतात, शर्टाची बाही सारखी करतात आणि म्हणतात, "टेन्शन घेऊ नका. करतो मॅनेज."

हे मॅनेजराव. पुढच्या दहा मिनिटांत मठ्ठ्यात भरपूर बर्फ पडतो, जिलबीवाल्याच्या पुढे मसालेभाताचं पातेलं घुसतं आणि नवरदेवाच्या मित्रांना "आधी फोटो उरकून घ्या, नंतर गर्दी होते," असं म्हणून स्टेजवर पिटाळलं जातं. अन्न पुरतं. मॅनेजराव स्वतः शेवटच्या पंगतीला बसतात आणि ताक-भातावर खूश असतात.

त्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर हुद्दा नाही, नुसते दोन मोबाइल नंबर. दाखला अडला की सोसायटीतलं कुणीतरी त्यांच्याकडे येतंच.

"काका, महिना झाला हो अर्ज देऊन."

"कुठल्या टेबलावर आहे?"

"ते काही सांगत नाहीत."

"तू टेबल काढ. माणूस मी काढतो."

‘मॅनेज’ या क्रियापदाचं कूळ शोधायला जावं तर ते थेट घोड्याच्या पागेत निघतं. इटालियन भाषेत ‘मानेज्जारे’ म्हणजे हाताळणं, त्यातही घोडा फिरवून तयार करणं. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘मानुस’, म्हणजे हात. मॅन्युअल आणि मॅनिक्युअर हे त्याचेच भाऊबंद. सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत शिरला तो घोडेस्वारीबरोबरच. माणसं, पैसा आणि कारखाने हाताळायला तो नंतर लागला. ही सगळी कुळकथा मॅनेजरावांना ऐकवली तेव्हा त्यांनी पान गालात सरकवलं आणि म्हणाले, "थोडक्यात, लगाम आपल्या हातात पाहिजे. बरोबर?" अहमदाबादच्या आयआयएममध्ये १९६४ पासून हेच शिकवायला दोन वर्षं घेतात.

हातावरून मराठीत चांगलं-वाईट दोन्ही बोलतात. हातोटी आणि हातखंडा एकीकडे, हातचलाखी आणि हात ओले करणं दुसरीकडे. मॅनेजरावांकडे चारही आहेत. कुठलं कधी काढायचं एवढंच ते बघतात.

इंग्रज माणूस ‘मॅनेज्ड’ म्हणतो तेव्हा पुष्कळदा ‘कसंबसं जमलं बुवा’ एवढाच त्याचा अर्थ असतो. आपण हा कसंबसा भाग वगळला आणि क्रियापद प्रयोगाला लावलं. मॅनेज ‘करतो’ तो कर्तबगार, मॅनेज ‘होतो’ तो विकला गेलेला. पंच मॅनेज होतो, कुस्ती मॅनेज होते, टेंडर मॅनेज होतं आणि अर्ज मागे घेण्याच्या दिवशी दुपारी तीनच्या आत अपक्ष उमेदवारही मॅनेज होतो. एवढं सगळं होत असताना करणारा कोण, हे वाक्यात कुठेच येत नाही. मॅनेजरावांना हा प्रयोग फार आवडतो. "झालं मॅनेज," एवढंच ते सांगतात. कुणी केलं, कितीत केलं, हे विचारणं त्यांना असभ्यपणाचं वाटतं.

घरी मात्र त्यांचं काही चालत नाही. वाण्याची उधारी, मुलीच्या क्लासची फी, सासूबाईंच्या गोळ्या आणि दर महिन्याला निघणारा एखादा आहेर हे सगळं वहिनी एका पगारात बसवतात, आणि तो पगारही त्यांचाच. त्याबद्दल विचारलं तर मॅनेजराव म्हणतात, "घरचं काय, चालतं आपलं!" गंमत अशी की फ्रेंचांच्या ‘मेनाज’ या शब्दाचा अर्थच घरसंसार, आणि पागेतून आलेल्या या इंग्रजी क्रियापदाला काटकसरीने निभावून नेण्याची शिस्त लागली ती पुढे याच शब्दाच्या सहवासाने. म्हणजे क्रियापदाचा अर्धा अर्थ वहिनींच्या नावावर आहे. कार्ड तेवढं मॅनेजरावांचं छापलंय.

तरीही, तुमच्या सोसायटीत असा माणूस असेल तर त्याला जपा. रात्री दोनला ॲम्ब्युलन्स लागली तर सेक्रेटरीच्या आधी तोच खाली येऊन उभा राहील. गणपतीची वर्गणी गोळा करायलाही त्यालाच पाठवा, एकही घर सुटणार नाही. फक्त पावतीपुस्तक आणि हिशेबाची वही वहिनींकडे द्या.