एडमंटनची यादी, गायमुखचा घाट

मीरारोडची कडाक्याची थंडी म्हणजे अठरा-वीस अंश. तेवढ्यातही शांतीनगरात पहाटे दूध आणायला निघालेल्या निम्म्या डोक्यांवर माकडटोपी असते. त्यांतलं एक डोकं माझं. हा गृहस्थ जानेवारीत स्वतः गाडी चालवत महाबळेश्वरला निघालाय म्हटल्यावर एडमंटनच्या साडूंनी सूत्रं हाती घेतली. तिकडे पारा उणे तीसपर्यंत उतरतो. रात्री इंजिनाच्या हीटरची वायर भिंतीतल्या प्लगात खोचून झोपतात. "म्हणजे गाडीला मोबाईलसारखं चार्जिंगला लावायचं?" आईने विचारलं.

साडूंची यादी आली. फावडं, ब्लँकेट, टॉर्च, जंपर केबल, थर्मास, आणि चाक घसरलं तर खाली पसरायला मांजरं ज्यात 'जातात' ती रेती. आमच्याकडे मांजर नाही, पण बांधकाम नाही अशी गल्ली मीरारोडला नाही. कोपऱ्यावरच्या सुपरवायझरने गोणीभर वाळू दिली. ती डिकीत चढवताना वॉचमन वही घेऊन धावत आला, "साब, कौनसे फ्लोर पे काम निकाला?"

काशीमिऱ्याच्या मेकॅनिकला मी कूलंटबद्दल छेडलं. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल असलं की उणे पस्तीसच्या खालीही ते गोठत नाही, हे साडूंकडून पाठ करून गेलो होतो. "शेठ, आपल्याकडे इंजिन उकळू नये म्हणून कूलंट टाकतात," तो म्हणाला. मग शून्य अंशाला बॅटरीची ताकद एकतृतीयांशाने घटते, हे मी ऐकवलं. त्याने मीटर लावला. "तुमची इथेच घटलीय." नवी घ्यावी लागली.

यादीच्या तळाशी एक ओळ होती : बर्फात अडकलात तर आधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करा, मगच इंजिन चालू ठेवा. तिला मात्र मी हसलो नाही. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानात मरीला बर्फ बघायला गेलेली वीसहून अधिक माणसं अडकलेल्या गाड्यांमध्येच गेली. थंडीने, आणि बंद काचांआड साचलेल्या कार्बन मोनॉक्साइडने. लहान मुलंही होती. फावडं मी मुकाट्याने डिकीत ठेवलं.

पहाटे निघालो आणि गायमुख घाटात थांबलो. थांबलो म्हणजे अगदी मुक्कामाला. एका बाजूला राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये न्हावाशेवा आणि गुजरात यांच्यामध्ये लोंबकळणारे कंटेनर आणि आम्ही. हा रस्ता आहे की वाहनतळ, हे कुणीतरी एकदा ठरवून टाकावं! पुढे कुठल्याशा ट्रकचं ऑईल सांडलं होतं आणि चढावर दुचाक्या एकामागून एक आडव्या होत होत्या.

"अहो, वाळू!" बायको म्हणाली.

माकडटोपी सावरत, टॉर्च दातांत धरून मी फावड्याने वाळू पसरू लागलो. हवालदार आले. "महापालिकेचे का?"

"नाही, महाबळेश्वरला चाललोय."

त्यांनी माझ्याकडे, फावड्याकडे आणि टोपीकडे आळीपाळीने पाहिलं. "तिकडेही पसरा थोडी."

नुकतीच पडलेली एक बाई कठड्याशी बसली होती. खरचटलं फारसं नव्हतं, पण हात थरथरत होते आणि नवऱ्याला काय बोलावं ते सुचत नव्हतं. बायकोने तिला गाडीत बसवलं, ब्लँकेट गुंडाळलं, थर्मासमधला चहा दिला. "आईला फोन लावता का?" एवढंच ती म्हणाली. रेंज येईपर्यंत बायकोने तिचा हात सोडला नाही.

मग एका टेम्पोची बॅटरी बसली, जंपर केबल निघाली. तासाभरात डिकीतलं सगळं वापरून झालं होतं आणि बर्फाचा पत्ता नव्हता.

महाबळेश्वरला वेण्णा लेक होता, स्ट्रॉबेरी होती, गोठलेलं दव नव्हतं. रात्री कुडकुडत साडूंना तापमान कळवलं : तेरा अंश.

"बाप रे," ते म्हणाले, "मग एसी लावलात की नाही?"