एका झटक्यात चाळीस स्विच

नेटवर्कची स्क्रिप्ट लिहायला शिकायचं तर सर्वांत आधी अंगी आळस हवा. याला शास्त्राधार आहे. पर्ल ही भाषा १९८७ साली जगापुढे आणणारे लॅरी वॉल यांनी प्रोग्रामरचे तीन गुण सांगून ठेवले आहेत: आळस, उतावीळपणा आणि गर्व. शाळेच्या भिंतीवर ज्याला माणसाचा शत्रू म्हणून रंगवलेलं असतं, तो आळस इथे पहिल्या पाटावर बसतो.

समजा, ऑफिसात नवे सीसीटीव्ही कॅमेरे आले आहेत आणि त्यांच्यासाठी चाळीस स्विचवर व्हीलॅन ३० चालू करायचा आहे. एकेका स्विचमध्ये लॉगिन करून, ओळी टाइप करून, सेव्ह करून बाहेर पडायला तीन मिनिटं धरली, तर दोन तासांत काम हातावेगळं होतं. खरा इच्छुक हे दोन तास असे वाया घालवत नाही. तो हेच काम दहा मिनिटांत करणारी स्क्रिप्ट लिहायला बसतो आणि तीन आठवडे बसतो.

त्यातला पहिला आठवडा भाषा निवडण्यासाठी राखून ठेवावा. बॅश, पर्ल, पायथॉन, पॉवरशेल यांपैकी कोणतीही चालते, म्हणूनच वाद घालायला भरपूर वाव आहे. बहुतेक जण शेवटी पायथॉनवर येतात. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या या भाषेचं नाव अजगरावरून आलेलं नसून ‘मॉन्टी पायथॉन’ या ब्रिटिश विनोदी मंडळीवरून आलं आहे, ही माहिती आठवडाभर प्रत्येकाला ऐकवावी. ओळीच्या सुरुवातीला किती जागा सोडली यावर या भाषेत अर्थ ठरतो. अर्ध्या ओळींना टॅब आणि अर्ध्यांना स्पेस दिल्यास डोळ्यांना सगळं सरळ दिसतं, फक्त स्क्रिप्ट चालत नाही. अभ्यासासाठी पुस्तक जुनंच घ्यावं. त्यात स्विचशी बोलण्यासाठी ‘टेलनेटलिब’ वापरलेलं सापडेल. पायथॉनच्या २०२४ मधल्या ३.१३ आवृत्तीतून ते काढून टाकलेलं असल्यामुळे स्क्रिप्ट पहिल्या ओळीतच मान टाकते.

दुसऱ्या आठवड्यात पिंग. कोणत्याही नवशिक्याची पहिली नेटवर्क स्क्रिप्ट हीच असते: १ पासून २५४ पर्यंत आकडे फिरवायचे, प्रत्येक पत्त्याला हाक मारायची आणि कोण ‘ओ’ देतं ते लिहून घ्यायचं. गप्प पत्त्यासाठी एक सेकंद थांबलं, तर सगळंच नेटवर्क गप्प असताना ही फेरी सव्वाचार मिनिटांच्या आत संपते. स्क्रिप्ट मात्र रात्रभर पहिल्याच दारात उभी असते. कारण विंडोजचं पिंग चार हाका मारून थांबतं, लिनक्सचं पिंग कोणी थांबवेपर्यंत थांबत नाही. किती हाका मारायच्या ते विंडोजवर ‘मायनस एन’ने सांगतात, लिनक्सवर ‘मायनस सी’ने. लिनक्सला ‘मायनस एन’ दिलं तर ते तक्रार करत नाही. नावं शोधू नकोस, नुसते आकडे दाखव, असा त्याचा अर्थ घेऊन ते निमूट कामाला लागतं.

विंडोजवर आणखी एक गंमत आहे. शेजारचा प्रिंटर बंद असला की ‘तिथवर पोहोचता येत नाही’ असं उत्तर येतं. ते देतो कोण, तर पुष्कळदा हाक मारणारा स्वतःचाच कॉम्प्युटर. पिंग मात्र ते आलेलं उत्तर म्हणून मोजतं: चार पाठवले, चार आले, हरवले शून्य. नुसता हिशेब वाचणारी स्क्रिप्ट अशा प्रिंटरला जिवंत घोषित करते. आउटपुट डोळ्यांनी वाचण्याची सवय असेल तर ही चूक पाच मिनिटांत सापडते, म्हणून ती सवय लावून घेऊ नये. स्क्रिप्ट आहे कशाला?

पिंग लिहिलं माइक मस यांनी, डिसेंबर १९८३ मध्ये, अमेरिकी लष्कराच्या एका प्रयोगशाळेत काम करत असताना. पाणबुडीच्या सोनारचा आवाज त्यांच्या डोक्यात होता, त्यावरून हे नाव. त्यांनीच एक किस्सा नोंदवून ठेवला आहे. एका ठिकाणी नेटवर्क मधूनच तुटत होतं आणि कोणत्या जोडणीत दोष आहे ते कळत नव्हतं. तिथल्या माणसाने पिंगचं आउटपुट एका ओळीच्या स्क्रिप्टने बदललं, प्रत्येक उत्तराच्या जागी नुसता ‘पिंग’ शब्द ठेवला आणि तो बोलणाऱ्या प्रोग्रामकडे पाठवला. मग आवाज मोठा करून तो इमारतभर एकेक कनेक्टर हलवत हिंडला. ज्या कनेक्टरला हात लावताच आवाज बंद पडला, तोच दोषी. नेटवर्कची याहून देखणी स्क्रिप्ट लिहिली गेली असेल असं वाटत नाही. ती शिकवणीत बसत नाही, कारण तिच्यात शेवटी जागेवरून उठावं लागतं.

मध्येच एक गोष्ट उरकून घ्यावी. काम नीट झालं की प्रोग्राम शून्य परत देतो, बिघडलं की दुसरा कोणताही आकडा. म्हणजे शून्य मार्क मिळालेला पास. ज्याला हे पटायला जड जातं, त्याच्या स्क्रिप्टमधल्या अटी बराच काळ उलट्या लिहिलेल्या राहतात.

आता लॉगिन. १९९५ साली हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड चोरून ऐकले, तेव्हा ताटू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. त्यामुळे तारेतून जाणारा पासवर्ड सुरक्षित झाला. नवशिका तोच पासवर्ड स्क्रिप्टच्या तिसऱ्या ओळीत उघडा लिहितो, फाइलला ‘फायनल दोन’ नाव देतो आणि चार मित्रांना तपासायला पाठवतो. प्रत्येक वेळी पासवर्ड विचारून घेणारी ओळ पायथॉनमध्ये आहे, पण मग रात्री स्क्रिप्ट आपोआप कशी चालणार? रात्रीचं काम क्रॉनकडे सोपवतात. पहाटे दोनचा बॅकअप लावावा आणि सर्व्हरचं घड्याळ जागतिक वेळेवर आहे का, ते पाहू नये. बॅकअप सकाळी साडेसातला होतो.

तिसऱ्या आठवड्यात प्रत्यक्ष कार्य. सिस्कोच्या स्विचवर ट्रंक पोर्टमधून कोणते व्हीलॅन जाऊ द्यायचे याची यादी असते. तिच्यात ३० वाढवायचा तर ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन’ लिहून पुढे ‘ॲड’ लिहायचं आणि मग आकडा. ‘ॲड’ राहिलं तर स्विच चूक दाखवत नाही. वरपक्षाच्या यादीत एक काका वाढवायला सांगितलं, तर जुनी यादी फाडून फक्त काकांना पत्रिका दिली, असा तो प्रकार होतो. स्विचवर लॉगिन ज्या व्हीलॅनमधून केलं तोही बाहेर फेकला जातो, आणि चूक सुधारायला आत शिरायची वाट बंद होते.

इथे लूपमधला क्रम महत्त्वाचा ठरतो. यादीत सर्वांत वर मधला, सगळ्यांना जोडणारा स्विच असेल, तर पहिल्याच फेरीत त्याच्यामागचे एकोणचाळीस तुटतात. ऑफिस बंद पडतं, पण सुधारावा लागतो एकच स्विच. नवशिका थोडा विचारी असेल तर दूरच्या मजल्यापासून सुरुवात करतो. मग चाळीसही स्विच शिस्तीत एकामागून एक हातचे जातात आणि कन्सोल केबल घेऊन प्रत्येकापाशी चालत जावं लागतं. आधी एकाच, कमी महत्त्वाच्या स्विचवर करून पाहावं आणि त्याआधी चाळीसांचं कॉन्फिग नुसतं वाचून साठवणारी स्क्रिप्ट लिहावी, असं अनुभवी लोक सांगतात. त्यात थरार नाही.

हातून असं झालं तर खचू नये, सोबत मोठ्यांची आहे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकमध्ये देखभालीच्या नेहमीच्या कामात, जोडण्यांची क्षमता किती आहे हे तपासण्यासाठी दिलेल्या एका कमांडने त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारं सगळं नेटवर्क खाली बसवलं. अशा कमांड अडवणारं तपासनीस सॉफ्टवेअर होतं, पण त्यातच बग निघाला. भारतात रात्रीचे नऊ वाजून गेले होते. व्हॉट्सॲपवरचे कौटुंबिक ग्रुप सुमारे सहा तास मुके झाले, आणि इंजिनिअरांना स्वतःच्याच डेटा सेंटरच्या कडक सुरक्षेतून आत शिरायला वेळ लागला.

यावर सिस्कोच्या स्विचमध्ये एक जुना तोडगा आहे. बदल करण्याआधी ‘रीलोड इन टेन’ अशी कमांड द्यायची. आपण बाहेर अडकलो तर दहा मिनिटांनी स्विच स्वतःहून रीबूट होतो आणि सेव्ह केलेल्या जुन्या कॉन्फिगवर परत येतो. सगळं नीट झालं तर ‘रीलोड कॅन्सल’ म्हणायचं आणि सेव्ह करायचं. नवशिका हा तोडगा स्क्रिप्टमध्ये घालतो. या वेळी ‘ॲड’ही आठवणीने लिहितो. चाळीस स्विच सहा मिनिटांत होतात, कॅमेऱ्यांचं चित्र दिसू लागतं, सगळे पाठ थोपटतात आणि त्याला चहाला घेऊन जातात. रीलोड रद्द करणारी आणि सेव्ह करणारी ओळ स्क्रिप्टमध्ये नाही. दहाव्या मिनिटाला पहिला स्विच रीबूट होतो, त्याच्यामागून बाकीचे. पुन्हा चालू होतात तेव्हा त्यांच्यापैकी एकाच्याही ट्रंकच्या यादीत व्हीलॅन ३० नसतो.