बारा-ए नंबरचा नवरदेव

श्रीपूरच्या माणसाला ‘बॅच’ म्हणजे काय ते शिकवू नये. १९३४ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना इथेच उभा राहिला, आणि आमचे काका पॅनमध्ये साखरेच्या बॅचमागून बॅच शिजवून निवृत्त झालेले पॅनमन. घरातल्या जुन्या निगेटिव्ह स्कॅन करायला बसलो, तेव्हा स्कॅनरच्या प्रोग्रॅममध्ये ‘बॅच स्कॅन’ दिसताच काका सरसावले. “हे आपलंच काम. भरा पॅन!”

पॅनमध्ये टनांनी माल मावतो. आमच्या होल्डरमध्ये ३५ मिलिमीटरच्या, सहा-सहा फ्रेमच्या दोनच पट्ट्या. स्लाईड तर एका वेळी चारच, कारण प्रत्येकीभोवती पाच सेंटिमीटरची चौकट. इकडे लाडवांचा अख्खा डबा निगेटिव्हनी ठासून भरलेला.

काकू पट्टी उजेडाला धरून कडेचे नंबर वाचू लागल्या. “१२, १२ए, १३... ही काय शाळेची तुकडी आहे?” अर्ध्या फ्रेमवरही नंबर छापतात हे सांगेपर्यंत पट्टी उलटी बसली होती. चकचकीत बाजू कुठली आणि इमल्शनची मंद बाजू कुठली हे न बघता लावली, की डाव्याचं उजवं होतं. पडद्यावर काकूंचा पदर उजव्या खांद्यावर गेला आणि त्या बसल्या जागी गुजराती झाल्या.

खरा घोळ वरातीने घातला. एक फ्रेम कुठे संपते हे यंत्र दोन चित्रांमधल्या कोऱ्या फटीवरून ओळखतं. रात्रीचा फोटो निगेटिव्हवर जवळजवळ कोराच असतो, त्यामुळे यंत्राने अंधारालाच फट मानलं. एका फाईलमध्ये घोड्याचं तोंड आणि बँडवाला, दुसरीत काकांचं बाशिंग, मधलं धड बेपत्ता. “त्या लग्नात धड असं तेवढंच होतं,” काका म्हणाले. संध्याकाळचा चहा झाला नाही.

मग पुतण्याने धूळ काढायचं बटण दाबलं. रंगीत फिल्ममधून अवरक्त किरण आरपार जातात, धुळीपाशी अडतात; अडले तेवढे ठिपके यंत्र पुसून टाकतं. कृष्णधवल फिल्मवर मात्र चित्रच चांदीचं, आणि चांदीही किरण अडवते. आजोबांच्या पांढऱ्याशुभ्र मिशांचं त्यात भलतंच काहीतरी झालं.

तर अकलूज-श्रीपूरकडच्या मंडळींनो, तुमच्याही निगेटिव्ह स्कॅन करायला आणायच्या तर दिवाळीआधी आणा. गाळप सुरू झालं की बॉयलरची राख उडते आणि काका दिवसभर स्कॅनरची काचच पुसत बसतात. कृष्णधवल असतील तर पाकिटावर तसं लिहा. वराती बॅचमध्ये घेतल्या जाणार नाहीत.