रोह्याचा डोळा, पेणचा खुंट

आमच्या घरी येणाऱ्याला चहा दोनदा मिळे. एकदा आल्या-आल्या आणि दुसऱ्यांदा तो उठून पायात चपला सरकवू लागला की. "अहो, घोटभर घ्या, आधण ठेवलंयच," असं माई इतक्या मायेनं म्हणे की माणूस चपला काढून पुन्हा टेकायचा. पोस्टमन, वायरमन, वर्गणीची पोरं, विम्याचे एजंट, कुणी कोरडं गेलं नाही. पेणमध्ये आमचं घर अगत्याबद्दल नावाजलेलं होतं. त्यामागचं इंगित घरातल्या आठ जणांनाच ठाऊक. माईला चहाचा चोथा हवा असे. अंगणात ४१ गुलाब होते आणि आठ माणसांच्या चहात तेवढ्यांचं भागत नव्हतं. "मी चहा सोडलाय," असं कुणी म्हणालं की तिचा चेहरा उतरे. अशाच एका गृहस्थाची मुलगी आमच्या थोरल्याला सांगून आली होती. माईनं पत्रिका न बघताच नकार कळवला.

अशी एक बाई कोकणातल्या प्रत्येक गावात असते. तिच्या घराला दहा वर्षं चुना लागलेला नसतो, पण कुंड्यांना दर दिवाळीला गेरू लागतो. नवऱ्याच्या रक्तदाबाची गोळी सकाळची की रात्रीची, हे तिला विचारू नये. कुठल्या झाडावर किती कळ्या आहेत, हे मात्र मध्यरात्री उठवून विचारावं.

चोथा ही आमच्या गुलाबांची नुसती न्याहारी. अंड्यांची टरफलं स्टेशनाबाहेरच्या ऑम्लेट-पाववाल्याकडून येत. ती आणायचं काम माझ्याकडे. घर शाकाहारी, म्हणून पिशवीवर वर्तमानपत्र गुंडाळून, मागच्या दारानं, एखादं पाप घरात आणावं तशी ती आणायची. मासळी धुतलेल्या पाण्याचं मात्र लपत नसे. मासळीवाली मावशी हंडा कमरेवर घेऊन कोपऱ्यावरूनच हाळी देई, "माई, आज कोलंबीचा पानी हाय!" आणि सगळी आळी खिडक्या लावून घेई. चातुर्मासात आमचा कांदा-लसूण बंद असे आणि होमी भाभांना कोलंबी चालू.

होमी भाभा हा पांढरा गुलाब. तो दिल्लीच्या डॉ. बी. पी. पाल यांनी तयार केला. पाल हे मूळचे गव्हाचे शास्त्रज्ञ, तांबेऱ्याला दाद न देणारा गहू तयार करणारे, भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक; पण जीव गुलाबात. माईला गव्हाचं काही देणंघेणं नव्हतं. "एवढा मोठा अधिकारी, पण माणूस चांगला," एवढंच तिचं मत. शिवाय अंगणात क्वीन एलिझाबेथ होती, ग्लॅडिएटर होता, दुसरं महायुद्ध संपताना नाव ठेवलेला 'पीस' होता. या 'पीस'ची कुंडी उन्हात ठेवायची की सावलीत, यावरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी जमिनीच्या वाटणीवरूनही झाली नाहीत. शेजारी नवीन भाडेकरू आले, त्यांनी पहिल्याच सकाळी भिंतीपलीकडून ऐकलं, "राणीच्या सगळ्या अंगावर मावा चढलाय आणि ग्लॅडिएटरचं काही खरं नाही, आज-उद्याचा सोबती आहे." बिचारे संध्याकाळी मोसंबी घेऊन चौकशीला आले. त्यांना चहा मिळाला. दोनदा.

माईचं माहेर रोह्याचं. १९५१ साली लग्न होऊन ती पेणला आली तेव्हा तिच्या मांडीवर डालडाचा डबा होता. त्यात वडिलांच्या परसातल्या गुलाबाची फांदी, ओल्या फडक्यात बांधलेली. त्या काळच्या सर्व्हिस मोटारीतून, नागोठण्याचे सगळे खड्डे चुकवत, तिनं तो डबा असा पोटाशी धरून आणला की वऱ्हाडातल्या बायकांना वाटलं, नवरीला गाडी लागते. सासूबाईंनी उंबऱ्यावर मापाच्या आधी लिंबाचं सरबत पुढे केलं.

त्या फांदीचे डोळे तिनं इथल्या खुंटांवर भरले. ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रानटी, चिवट गुलाबाचा खुंट घ्यायचा, त्याच्या सालीला इंग्रजी टी अक्षरासारखी चीर द्यायची, चांगल्या गुलाबाचा एक डोळा अलगद त्या सालीखाली सरकवायचा, पट्टी बांधायची. तीनेक आठवड्यांनी डोळा हिरवा राहिला तर जिंकलात. पेण हे डोळ्यांची किंमत कळणारं गाव. इथं गणपतीच्या कारखान्यात माती मळणारे, रंग देणारे पुष्कळ असतात, पण डोळ्यांच्या आखणीला बसतो तो एखादाच, आणि तो बसला की बाकीचे आवाज खाली घेतात. माई डोळा भरायला बसली की आमच्याकडेही रेडिओ बंद होई. अण्णांनी एकदा ऐन वेळी शिंक दिली, तो डोळा जळाला. पुढे ३० वर्षं अण्णा शिंकायला रस्त्यावर जात.

खुंट आणि डोळा यांवर तिनं अख्खं कुटुंबशास्त्र उभारलं होतं. डोळा रोह्याचा, खुंट पेणचा. आम्हा पाच भावंडांत जे काही बरं होतं ते डोळ्यातून आलेलं. खुंटाच्या बुंध्यातून, सांध्याच्या खालून जो कोंब फुटतो तो रानफुटवा. तो जोमानं वाढतो, खत खातो आणि फूल म्हणाल तर नावाला नाही. मी मॅट्रिकला गणितात आपटलो तेव्हा तिनं मारलं नाही, रागावलीही नाही. अण्णांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "सांध्याखालचा आहे." ऑक्टोबरात मी पास झालो तेव्हा पेढे वाटताना सगळ्यांना सांगत होती, "शेवटी डोळा रोह्याचा."

अण्णा मामलेदार कचेरीत कारकून. त्यांना फुलांतलं काही कळत नसे, पण त्यांच्यापाशी माहिती असे. माईचा अभिमान आणि अण्णांची माहिती यांचं युद्ध रोज जेवताना चाले.

"आमच्या कुंडलिकेला ऐन मे महिन्यात पाणी असतं," माई.

"ते टाटांनी भिऱ्याच्या वीजघरातून सोडलेलं पाणी आहे."

"सोडलं ना? मग पेणला का नाही सोडलं?"

किंवा माई म्हणे, "या गावात गुलाब येणार कसे? चांगली माती सगळी गणपतीत जाते." अण्णा ताटातून मान वर न करता सांगत, "शाडू गुजरातेतून येतो." त्यावर माई, "बघा! म्हणजे इथं तेवढीही नाही."

माहिती हरायची. माहितीचं नेहमी तेच होतं.

तिचं खरं अस्त्र होतं चिंतामणराव देशमुख. रोह्यात बालपण गेलेला हा माणूस केंब्रिजला वनस्पतिशास्त्राचं बक्षीस मिळवतो आणि १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर होतो, यावरून माईनं काढलेला निष्कर्ष असा, की ज्याला झाडं कळतात त्याच्याच हाती पैसा द्यावा. त्यामुळे घरखर्चाच्या किल्ल्या तिच्याकडे. वाण्याच्या यादीत तूरडाळीच्या खाली 'सुफला, ५ किलो' असे. अण्णांनी एकदा धीर करून हिशेब मागितला. माईनं किल्ल्या पाटावर ठेवल्या. "चिंतामणरावांनी ५६ साली दिल्लीत राजीनामा दिला, मी इथं देते." ते मुंबईच्या प्रश्नावर होतं, आपला प्रश्न सुफल्याचा आहे, असं अण्णांनी म्हणून पाहिलं. संध्याकाळपर्यंत घरात चूल पेटली नाही. राजीनामा अण्णांनीच विनंती करून परत घ्यायला लावला. असे सात-आठ राजीनामे माझ्या आठवणीत आहेत.

पावसाळा तिच्या डोळ्यांत सलत असे. पेणचा पाऊस गुलाबाला मानवत नाही. पानांवर काळे ठिपके पडतात, पानं गळतात, फांद्या शेंड्याकडून वाळत खाली येतात. जूनमध्ये घरातल्या सगळ्या छत्र्या कुंड्यांवर बांधल्या जात आणि आम्ही शाळेत गोणपाटाची खोळ घेऊन जात असू. मास्तरांनी विचारलं, "घरी एकही छत्री नाही का रे?" मी खरं तेच सांगितलं, "आहे सर, पण ती डबल डिलाइटकडे आहे." मला तासभर बाकावर उभं केलं.

दसऱ्याच्या सुमारास धावीर महाराजांच्या उत्सवाला ती रोह्याला जाई. पालखीला पोलिसांची सलामी असते, ती बघायची, भावजयीच्या परसातले गुलाब बघून नाक मुरडायचं आणि परत आल्यावर छाटणीची कात्री काढायची, हा क्रम ठरलेला. पुढे १९८६ मध्ये रेल्वे रोह्यापर्यंत गेली आणि तिच्या कुंड्यांना पाय फुटले. पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा. खिडकीची जागा कुंडीला आणि माई उभी. कुणी "आजी, बसा ना," म्हणालं तर म्हणे, "तिला वारा लागू दे, मी काय, आयुष्यभर उभीच आहे."

फूल मात्र तोडायचं नाही. देवालाही नाही. देवासाठी जास्वंद आणि तगर होती. पण देवाचं मन मोडू नये म्हणून माई रोज सकाळी देव्हाऱ्यातला बाळकृष्ण ताम्हनात घेऊन अंगणात येई आणि त्याला एकेका झाडापुढे धरी. "बघ. तोडायला कशाला हवं?"

आणि या धर्मराज्यावर पहाटे पाचला स्वारी होई ती मागच्या आळीतल्या तात्यांची. हातात आकडी, खांद्याला पिशवी, गळ्याभोवती मफलर. उभ्या आयुष्यात या गृहस्थांनी फूल विकत घेतलं नव्हतं. "देवासाठी नेलेल्या फुलाला चोरी म्हणत नाहीत, माई," असं ते पकडले गेल्यावर शांतपणे सांगत. "मग देवाला विचारून न्या, तात्या. तो रोज इथंच येतो." माईनं कुंपणाला घुंगरं बांधली. तात्या घुंगरं मुठीत धरून वाकायला शिकले. मग ती साडेचारलाच विजेरी घेऊन स्टुलावर बसू लागली. दोघं कुंपणाच्या दोन बाजूंना तासतासभर बसत. तिथं काय बोलणं होई कोण जाणे, पण गावातल्या सगळ्या बातम्या माईला सहाच्या आत कळलेल्या असत.

पंचाहत्तरी उलटल्यावर मोतीबिंदू झाला. डॉक्टर समजावू लागले, "आजी, घाबरू नका, जुनं भिंग काढून त्या जागी नवं बसवायचं." माई खुर्चीत पुढे सरकली. "चीर कशी देता? टी देता का? पट्टी किती दिवस? आम्ही तीन आठवडे ठेवतो. आणि हे बघा, भरताना शिंकू नका." डॉक्टरांनी त्या दिवशी मास्क दोनदा तपासला म्हणतात.

एका फेब्रुवारीत नातवानं मावळातल्या हरितगृहातला गुलाब आणून दिला, लांब दांडा, चकचकीत कागद, लालभडक. तिनं हुंगला. पुन्हा हुंगला. "मला सर्दी झालीय का रे?" सर्दी नव्हती. ते गुलाब लांबच्या बाजारात ताजे पोचावेत, फुलदाणीत टिकावेत म्हणून वाढवलेले. त्या हिशेबात वास मागे पडला. "पहिल्या नंबराचा मुलगा असतो ना, तसा आहे," ती म्हणाली. "सगळं आहे." मग कागद घडी करून ठेवला आणि दांड्याचे तीन तुकडे करून कुंडीत खोचले. त्यातला एक जगलाही.

माई गेली ९२व्या वर्षी, मार्गशीर्षात. ऑक्टोबरच्या छाटणीचा बहर आलेला, अंगण नुसतं पेटलेलं. कुणीतरी म्हणालं, हार बाहेरून कशाला आणायचा, एवढी फुलं आहेत. थोरला कात्री घेऊन गेला. परत आला. म्हणाला, तू जा. मी ग्लॅडिएटरपाशी गेलो, कात्री उघडली, तेवढ्यात आतून भाची कुणाला तरी "ए!" म्हणाली आणि माझ्या हातून कात्री कुंडीत पडली. आम्ही पाच जण, सगळ्यात धाकटा अठ्ठावन्न वर्षांचा, ओळीनं अंगणात उभे.

तेवढ्यात फाटकातून तात्या आले. फाटकातून येताना त्यांना मी प्रथमच पाहत होतो. काठी टेकत, त्याच पिशवीतून त्यांनी गुलाबाचा हार काढला.

"विकत आणलात?" मी विचारलं.

"दीडशे घेतले," तात्या म्हणाले. "दीडशे! आणि वास नाही."

हार माझ्या हातात देऊन ते कुंपणाकडे वळले. दोन्ही हात मागे बांधून एकेका झाडापुढे थांबत शेवटच्या कुंडीपाशी गेले, वाकले, बोटानं माती चाचपली.

"होमी भाभाला आज पाणी नाही घातलं का रे कुणी?"