खुर्ची रिकामी, तक्रार नाही

डिसेंबर 2022 मध्ये जळगाव स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघाचे आमदार चंदुलाल पटेल यांची मुदत संपली आणि विधान परिषदेतली जळगावची खुर्ची रिकामी झाली. 2023 गेलं, 2024 गेलं. या काळात केळीच्या भावावरून बोंब झाली, कापसावरून मोर्चे निघाले. या खुर्चीसाठी मात्र अमळनेरच्या बसस्टँडवर कोणी साधी घोषणा दिली नाही. विचाराल तर उलट प्रश्न येणार, "कोन शे भो तो आमदार?"

मतदार तरी कोण? नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य, पंचायत समित्यांचे सभापती. निवडणूक घ्यायची तर किमान 75 टक्के संस्था आणि 75 टक्के मतदार जागेवर लागतात. इथे तेव्हा संस्थांच्याच निवडणुका रखडल्या होत्या, कारभार प्रशासकांच्या हाती होता आणि प्रशासकाला मत नाही. म्हणजे आधी मतदार आटले, मग मतदार नाहीत म्हणून निवडणूक आटली. सगळं कसं नियमात!

हळहळले असतील तर माजी नगरसेवक. एरवी वॉर्डातली गटार तुंबली की ज्याचा फोन लागत नाही, तो या निवडणुकीत सोन्याचा होतो. सहल निघते, रिसॉर्ट लागतं, मोबाइल जमा होतात आणि परतीची गाडी थेट मतदान केंद्रावर. तिथे निवडणूक आयोगानेच दिलेल्या जांभळ्या पेनाने नावापुढे 1 लिहायचा; खिशातलं पेन काढलं की मत बाद. मतदार कोणाचाही असो, पेन आयोगाचंच पाहिजे.

शेजारच्या धुळे-नंदुरबारची डिसेंबर 2020 ची पोटनिवडणूक आठवा. शिरपूरचे अमरीश पटेल आमदारकी सोडून काँग्रेसमधून भाजपत गेले आणि त्याच जागेसाठी पुन्हा उभे राहिले. त्यांना 332 मतं, काँग्रेसच्या अभिजित पाटलांना 98. राज्यात तेव्हा सरकार काँग्रेसच्याच महाविकास आघाडीचं! मतदान गुप्त असल्यामुळे कोण फुटलं ते कोणालाच कळलं नाही, फक्त धुळ्यातल्या प्रत्येक चहाच्या टपरीला कळलं. पुढच्या वर्षी अमरीशभाई बिनविरोध. फुटायलाही कोणी उरलं नाही.

विधान परिषदेत गेल्यावर काम काय? धन विधेयक 14 दिवसांत परत करायचं. साधं विधेयक तीन महिने धरून ठेवता येतं, विधानसभेने पुन्हा पाठवलं तर आणखी एक महिना. सरकार पाडणं यांच्या हातात नाही.

जळगाव-धुळ्याला नाशिक विभागाचा पदवीधर आमदारही आहे. मतदाराची पदवी किमान तीन वर्षं मुरलेली लागते. उमेदवाराला पदवीच लागत नाही. शिक्षक मतदारसंघातही उमेदवाराने खडू धरलेला असावा, अशी अट नाही.

राहिले राज्यपालनियुक्त 12. साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा यांतल्या जाणकारांसाठी ही सोय. याच दाराने ना. धों. महानोर आत गेले आणि शेती-पाण्यावर बोलले. आघाडी सरकारने नोव्हेंबर 2020 मध्ये दिलेल्या यादीत मुक्ताईनगरच्या नाथाभाऊ खडसेंचं नाव होतं. राजकारण ही कला धरली, तर निवड चोख! पण राज्यपाल कोश्यारींनी त्या यादीवर सही केली नाही ती नाहीच. शेवटी सरकारच पडलं. नाथाभाऊ मात्र त्याआधीच, जून 2022 मध्ये, आमदारांच्या मतांवर आत पोहोचलेही होते. 78 जागांच्या या सभागृहाला दारं पाच. खानदेशी माणूस एकाच दारात किती वेळ ताटकळणार?