मातकट रंगाची कांडी

पेस्टलच्या पेटीतली सगळ्यात आधी संपते ती मातकट कांडी. निदान वर्धा जिल्ह्यात बसून पक्षी-प्राणी काढणाऱ्याची तरी. पेटी बनवणाऱ्यांच्या गावी हे नसावं. निसर्गचित्रांसाठी म्हणून जी पेटी मिळते तिच्यात हिरव्यांची नुसती दाटी असते: पोपटी, शेवाळी, पाचूसारखा, आणि पोपटीचा आणखी एक चुलतभाऊ. बनवणारा बारमाही पावसाच्या मुलखातला असणार. आमच्याकडे हिरवा रंग मृगाच्या आसपास येतो आणि दिवाळी झाली की निघायची भाषा करू लागतो. मग शेतात पऱ्हाट्या उरतात, धुऱ्यावर वाळलं गवत आणि बोरच्या जंगलात सागाच्या पानांचा करकर वाजणारा गालिचा.

आमचे प्राणीही या मातीला धरूनच आहेत. सातभाई मातकट, तितर मातकट, चंडोल तर ढेकळाशेजारी बसला की ढेकूळ कुठलं हे तो उडाल्यावरच कळतं. हे सगळे मातकट एकसारखे असते तरी एक वेळ चाललं असतं. पण सातभाईच्या मातकटात राख आहे, तितराच्या मातकटात तांबूस रेघांची शिलाई आहे, आणि चितळाचा मातकट उन्हात गुळाकडे झुकतो. दुकानदाराकडे सुटी कांडी मागावी, तर तो अख्खी पेटी पुढे सरकवतो. घरात अशा प्रकारे निळ्या कांड्यांचं धन साठत जातं.

इथं पेस्टल म्हणजे शाळेतले तेलकट खडू नव्हेत. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांनी ते घरोघरी पोचवले खरे, पण मे महिन्यातल्या वर्ध्यात ते हातात धरेपर्यंत लोण्याच्या वळणावर जातात. मी म्हणतो ते कोरडे पेस्टल. रंगद्रव्याची पूड, थोडी खडूची भुकटी आणि नावापुरता डिंक, बस्स. ते वाळत नाही, कारण ओलं होतच नाही. कागदाच्या खरखरीत अंगात अडकून राहतं, एवढाच त्याचा आधार. पंखा लावला तर सातभाईची शेपूट टेबलावर येते. कूलर लावला तर कागद दमट होऊन फुगतो. दोन्ही बंद केलं तर चित्र टिकतं, चित्रकाराचं सांगता येत नाही.

तरी या माध्यमाला वर्ध्यानं परकं मानू नये. कागद खरखरीत हवा, तर 1934 साली इथल्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा राहिला आणि जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली ज्या उद्योगांना हात घातला गेला त्यांत हातकागदही होता. गुळगुळीत कागदावरून पेस्टल घसरतं, हातकागदाला ते चिकटून बसतं. रंग पुसट करायला कापूस लागतो. हिंगणघाटच्या जिल्ह्यात कापसाची उणीव सांगणाऱ्याला कोण उभं करील?

चित्रकलेचे मास्तर सगळीकडे एक ताकीद देतात: पेस्टल कागदावरच मिसळतं, फार थर चढवू नका, चिखल होतो. आम्ही नारिंगीवर निळा घासून मुद्दाम चिखल करतो. तेवढ्याच वाटेनं निळ्या कांड्या थोड्या झिजतात.

निळ्याचा हक्काचा धनी एकच, नीलपंख. दसऱ्याला त्याचं दर्शन शुभ मानतात, त्यामुळे त्या दिवशी तारेवर बसलेल्या नीलपंखाची प्रतिष्ठा एकदम वाढते. गंमत अशी की या पक्ष्याच्या पिसात निळं रंगद्रव्य नाहीच. सर सी. व्ही. रामन यांनी 1934 साली पक्ष्यांच्या पिसांच्या रंगांवर शोधनिबंध लिहिला, त्यात हाच पक्षी तपासायला घेतला होता. पिसाच्या आतल्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश विखुरतो आणि आपल्याला निळं दिसतं. त्या रचनेखाली गडद तपकिरी द्रव्य असतं. नीलपंखाचं पीस उजेडासमोर आडवं धरून पाहा, डोळ्यासमोर तपकिरी येतं. म्हणजे गावभर निळा म्हणून मिरवणारा हा गृहस्थही मुळात आमच्यातलाच.

सेवाग्रामच्या आश्रमात मीराबेननी मातीच्या भिंतीवर उठावाची चित्रं केली आहेत. ताडाची झाडं आहेत, मोर आहे. मातीच्या मोरात निळ्याचा ठिपकाही नाही, आणि तो मोर नाही असं म्हणायची कुणाची हिंमत होत नाही.

वाघाचं प्रकरण वेगळं. 2014 साली व्याघ्र प्रकल्प झालेलं बोर तसं लहानसंच, पण तिथून परतलेला प्रत्येक जण वाघ केशरी काढा असंच सांगतो. चितळाला विचारलं तर तो हिरवा म्हणेल. तांबडा रंग वेगळा ओळखण्याची सोय त्याच्या डोळ्यात नाही, त्यामुळे गवतातला वाघ त्याला गवताच्याच रंगाचा. पेटीतल्या एवढ्या हिरव्या कांड्या बहुधा चितळ गिऱ्हाइकासाठी असाव्यात.

रोही मात्र सगळ्यांनी पाहिलेला. नराच्या अंगावर पाटीसारखी निळसर राखी झाक असते, तिच्यासाठी मी निळ्या कांड्या मनसोक्त उडवल्या. चित्र ओट्यावर उन्हाच्या आडोशाला ठेवलं होतं. सेलूकडचे एक काका शेतातून येताना थांबले. खांद्यावरचा दुपट्टा काढून तोंड पुसलं, मान तिरपी करून बराच वेळ पाहिलं.

"रोही होय न हा?"

"हो काका."

"बराबर काढला. शिंगं, मान, सारं बराबर." मग जरा पुढे वाकून म्हणाले, "पण भाऊ, तोंड रिकामं ठेवलं. माझी तूर दाखव न त्याच्या तोंडात."

तुरीच्या हिरव्याला पेटीत तोटा नव्हता. काकांच्या देखत भरपूर तूर काढली. त्यांनी आणखी दोन ओळींची मागणी केली, कारण नुकसान तेवढं झालं होतं.