अण्णांची ड्यूटी

आमच्या शेजारच्या अण्णांना कचेरीतून निवृत्त व्हायला अजून थोडी वर्षं आहेत, पण खरी नोकरी त्यांना लेक इंजिनिअरिंगला पुण्याला गेली त्या दिवशी लागली. तेव्हापासून सांगलीत बसून ते पुण्याचा बंदोबस्त सांभाळतात.

व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन एका वेळी जास्तीत जास्त आठ तास चालतं. हा नियम करणाऱ्याला मूलबाळ नसणार, असं अण्णांचं ठाम मत आहे. सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहा अशा गिरणीसारख्या तीन पाळ्या त्यांनी लावून घेतल्यात. पाळी संपली आणि नवं लोकेशन आलं नाही की फोन गेलाच. रात्रपाळीला पोरगी झोपलेली असते, अण्णा जागे असतात. एकदा नकाशावरचा तिचा फोटो मुठा नदीच्या पात्रात जाऊन थांबला. अण्णांनी तडक होस्टेलच्या रेक्टरबाईंना फोन लावला. बाई मुरलेल्या होत्या. "मुलगी माझ्यासमोर उप्पीट खातेय," त्या म्हणाल्या, "आणि नदीत सध्या बुडण्याइतकं पाणीही नाही." पहिल्या वाक्यानं अण्णांचं समाधान झालं नाही. दुसऱ्यानं झालं.

ॲडमिशनच्या वेळी रॅगिंगविरोधी हमीपत्र भरून द्यावं लागतं, विद्यार्थ्याचं वेगळं आणि पालकाचं वेगळं. बाकीचे पालक न वाचता मोकळे होतात. अण्णांनी चष्मा पुसून वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला. लेकीला कुणी त्रास देणार नाही, अशी लेखी हमी मिळेल या भरवशावर ते गेले होते. कागदावर तर आपली लेक दुसऱ्या कुणाला छळणार नाही, याची हमी त्यांनीच द्यायची होती. "आमची कुणाला छळते?" ते पुटपुटले. काकू काही बोलल्या नाहीत. मग होस्टेलच्या कपाटाच्या दाराला आतून त्यांनी नंबरांचा कागद चिकटवला: पोलिसांसाठी 112, रॅगिंगसाठी 1800-180-5522, ऑनलाइन फसवणुकीसाठी 1930. खाली लाल पेनानं स्वतःचा, दोनदा.

पैशाचा बंदोबस्त तर बघण्यासारखा. यूपीआय सर्कल नावाची एक सोय आहे. खातं एकाचं असतं आणि खर्च दुसऱ्याला करता येतो. त्यात दोन प्रकार आहेत. एकात महिन्याला 15,000 रुपयांपर्यंत मर्यादा ठरवून द्यायची आणि विसरून जायचं. दुसऱ्यात प्रत्येक खर्चाला खातेदारानं स्वतः पिन टाकून मंजुरी द्यायची. अण्णांनी कुठला निवडला हे सांगायला नकोच. पोरगी कॅन्टीनच्या काउंटरवर मिसळीची ताटली धरून उभी, मागे वीस जणांची रांग, आणि मंजुरी सांगलीत अडकलेली. कारण अण्णा साहेबांच्या मीटिंगमध्ये, मोबाइल खिशात. बाहेर आल्यावर त्यांनी आधी फोन केला. "साठ रुपये कशाचे?" "मिसळ." "सकाळी पोहे झाले होते ना?" तोवर मैत्रिणीनं पैसे भरले होते आणि मिसळीतला पाव मऊ पडला होता.

आता एवढ्या जय्यत तयारीत काही बारीकसारीक गोष्टी राहूनच गेल्या. ताप आला तर गोळी किती तासांनी घ्यायची, पांढऱ्या कपड्यांत लाल ओढणी का भिजवायची नाही, नको असेल तिथं तोंडावर "नाही" कसं म्हणायचं, यातलं अण्णांनी काही शिकवलं नव्हतं. ती आपली आपणच शिकली. "नाही" म्हणण्याची पहिली प्रॅक्टिस तिनं अण्णांवरच केली. अठरा पूर्ण होताच आधार-पॅन घेऊन बँकेत गेली, स्वतःच्या नंबरवर स्वतःचं खातं उघडलं, आणि लोकेशन फक्त प्रवासात टाकीन म्हणाली. अण्णा दोन दिवस जेवले नाहीत, म्हणजे भाकरी एक कमी खाल्ली.

मग तो फोन आला. पलीकडे भारदस्त हिंदी: मुलगी ड्रग्जच्या केसमध्ये सापडलीय, ठाण्यात बसवलंय, नाव बाहेर यायला नको असेल तर चाळीस हजार पाठवा. मागे एक मुलगी हुंदके देत होती. असल्या फोनांपासून सावध करणारे मेसेज अण्णांनीच आम्हा सगळ्यांना कितीदा पाठवले होते! पण हुंदका ऐकला आणि त्यांचे हात लटपटले. ते हॉलमध्ये पिन आठवत बसले. काकूंनी स्वयंपाकघरातून सरळ लेकीला फोन लावला. ती एसटीत होती, घरीच निघालेली, साताऱ्याच्या अलीकडे. लोकेशन सकाळपासून चालू होतं. अण्णांनी पाहिलंच नव्हतं.

"मम्मी, पप्पांच्या हातातला फोन आधी काढून घे," ती म्हणाली. मग तिकडूनच तिनं 1930 लावून त्या नंबरची तक्रार नोंदवली.

परवा अण्णा गच्चीवर भेटले, खुशीत होते. "मी आवाजावरून लगेच ओळखलं, भामटा आहे," ते मला सांगत होते. "थोडा वेळ बोलण्यात गुंतवून ठेवला त्याला, एवढंच."

"अहो," खालून काकूंचा आवाज आला, "लेक विचारतेय, नवा पिन कुणाला सांगितला नाहीत ना?"

"सांगतोय कशाला!" अण्णा कठड्यावरून ओरडले. "तिचाच वाढदिवस ठेवलाय!"